नेल पेनरोजला वन्स मोअर

रोज सकाळी दाढी करताना गुप्तेआजोबा वॉशरूमच्या खिडकीत ठेवलेला छोटा सीडी प्लेअर लावायचे. गाणं एका ठरलेल्या जागी आलं की वस्तरा हनुवटीपासून वीतभर लांब धरून उभे राहायचे. डोळे मिटलेले, अर्ध्या गालावर फेस. खालून उचललेला एक लांब स्वर वर वर चढत जायचा आणि अगदी टोकाला पोचून हलकेच वळायचा. तो संपला की ते डोळे उघडत, "अहाहा" म्हणत, आणि मग उरलेला गाल. "त्या जागेला हात हलतो," ते सांगायचे. "एकदा कापलंय."

खालून शीलाआजींचा आवाज यायचा, "झाली का तुमच्या त्या बयेची आरती? पोहे गार होतायत!"

ती बया म्हणजे नेल पेनरोज. इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावची, तेव्हा एकोणीस वर्षांची पॉप गायिका. आणि आजोबा म्हणजे दीनानाथ गुप्ते. गिरगावात वाढले, १९६८ साली कॅनडातल्या विंडसरला आले, मोटारींची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये जन्म काढला आणि निवृत्त झाले. बिघडलेलं इंजिन ते नुसत्या आवाजावरून ओळखत. त्यांच्यामाझ्यात रक्ताचं नातं नव्हतं. आमची घरं पाठीला पाठ लावून होती आणि मधल्या कुंपणाची एक फळी त्यांनीच माझ्यासाठी काढून ठेवली होती.

नेलची आणि त्यांची गाठ मी घालून दिली. २००४ची संक्रांत. मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभाला आम्ही सगळे बाबांच्या व्हॅनमधून निघालो होतो. बाहेर बर्फ, आत काचांवर वाफ, आणि सातवीतल्या मुलीच्या हट्टापायी लावलेली माझी सीडी. गाण्याचं नाव 'सॉल्ट ऑन द विंडो'. समुद्रावर गेलेल्या बापाची वाट पाहणारी मुलगी खिडकीच्या काचेवरचं मीठ बोटाने पुसते, एवढंच त्यात होतं. माझ्या मते ते थोडं रडकं होतं, पण वर्गातल्या सगळ्या मुलींकडे ती सीडी होती.

आजोबा मागच्या सीटवर तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. तो लांब स्वर आला आणि ते एकदम पुढे झुकले.

"कोण गं ही?"

"नेल पेनरोज, आजोबा. शी इज सो बिग राइट नाऊ."

"बिग असो की लहान. पोरगी सुरात आहे! पुन्हा लाव."

मंडळाच्या हॉलपर्यंत आम्ही ते पुन्हा पुन्हा ऐकलं. गाडी थांबली तरी आजोबा उतरेनात. थंडीत दार उघडं धरून उभ्या शीलाआजी म्हणाल्या, "या वयात सवत आणणार वाटतं घरात! तीही गोरी!"

"अगं, ती जागा ऐक. वर गेली आणि तिथून कशी वळली बघ. हिला एक वन्स मोअर द्यायला पाहिजे."

हे वन्स मोअरचं प्रकरण आमच्या विंडसरच्या मंडळाला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी आजोबांना त्यांचे मामा संगीत नाटकांना घेऊन जायचे. पद रंगलं की पिटातून "वन्स मोअर" उठायचा आणि नटाला ते पुन्हा म्हणावंच लागायचं. मेलेलं पात्र उठून पद म्हणायचं आणि पुन्हा मरायचं. आजोबांच्या लेखी टाळ्या म्हणजे नुसतं सौजन्य. खरी दाद एकच, पुन्हा म्हण! आणि गाणाऱ्याने ते पुन्हा म्हटलं की तो सौदा पुरा होतो. "तोपर्यंत गाणं ऐकणाऱ्याचं झालेलंच नसतं," ते म्हणायचे. हा धडा त्यांनी सगळ्या मंडळाला दिला होता. गणपतीत चार वर्षांच्या पोराने अडखळत श्लोक म्हटला तरी पन्नास गळ्यांतून "वन्स मोअर" यायचा. पोर भोकाड पसरायचं, पण पुन्हा म्हणायचं.

त्या वर्षी नेल पेनरोज सगळीकडे होती. ग्रोसरीच्या दुकानात, डेंटिस्टकडे, डेट्रॉइटच्या रेडिओवर. तिचा अल्बम तिकडे इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेला आणि आठवडेच्या आठवडे तिथून हलेना. मी शाळेतून बातम्या प्रिंट करून आणायचे, आजोबा चष्मा चढवून वाचायचे आणि मुलीचा निकाल लागल्यासारखे पेढे मागायचे. मग बातमी आली, नेल डेट्रॉइटला येतेय. नदीपलीकडे! पुलावरून वीस मिनिटं!

"मी जाणार," आजोबा म्हणाले. "चैतू, तू चल. शीला, तूही."

"मी काय करू तिथे? मुलीकडच्या बाजूने बसू की मुलाकडच्या?" असं म्हणत शीलाआजींनी ठेवणीतली रेशमी साडी बाहेर काढली.

पुलावरच्या बूथमधल्या अमेरिकन अधिकाऱ्याने आमचे पासपोर्ट चाळले. पुढे मफलर गुंडाळलेले आजोबा, शेजारी पैठणीतल्या आजी, मागे चकाकी लावलेली मी.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"म्युझिक," आजोबा म्हणाले. "नेल पेनरोज."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "यू टेकिंग द किड?"

"नो, नो," शीलाआजी मागे न बघता म्हणाल्या. "किड इज टेकिंग हिम."

तो इतका हसला की पासपोर्ट परत द्यायचं विसरला.

आत हजारो मुली किंचाळत होत्या. प्रकाशाचे झोत आमच्या अंगावरून सरकत होते, पायाखालची जमीन ढोलासारखी थरथरत होती, आणि त्या सगळ्यात आजोबा, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत पहिल्या बाकावर बसावं तसे. नेल फार दूर होती, बोटाएवढी. पण तो स्वर लागला आणि सगळा हॉल एका क्षणात गप्प झाला. स्वर चढला, टोकाला गेला, वळला. आजोबा ताडकन उठले आणि छातीच्या तळातून ओरडले,

"वन्स मोअर!"

पुढच्या रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या. शीलाआजींनीही पदर सावरत पाठिंबा दिला, "वन्स मोअर!" मीही, लाजत. नेलने हात हलवला, ढोल वाजले, पुढचं गाणं सुरू झालं. आजोबा उभेच होते. एक सिक्युरिटीवाला येऊन त्यांना अगदी प्रेमाने म्हणाला, सर, प्लीज बसा.

परतताना पुलावर ते म्हणाले, "ऐकूच आलं नसेल तिला."

"एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू येणार?" शीलाआजी म्हणाल्या.

"म्हणजे राहिलाच की माझा वन्स मोअर." त्यांनी नदीकडे पाहिलं. "हरकत नाही. पोरगी लहान आहे. पुन्हा येईल."

ती पुन्हा आली नाही. दुसरा अल्बम आला तो आजोबांना मुळीच आवडला नाही. "गाणं कमी, ठोकाठोक जास्त. कुणीतरी हिला घाई केलीय." तो चाललाही नाही. तिसरा अर्धवट राहिला. मग एका टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात, त्याच गाण्यात, त्याच जागी तिचा आवाज फुटला. स्वर चढला आणि मधेच फाटला, कापड फाटावं तसा. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून, पुन्हा पुन्हा जोडून इंटरनेटवर टाकला. फाट, फाट, फाट. लाखो लोकांनी तो बघितला. आमच्या हायस्कूलच्या लॉकरपाशी मुलं त्याची नक्कल करायची. काही महिन्यांनी कळलं की तिच्या गळ्यात गाठ होती, ऑपरेशन झालं आणि कंपनीने करार मोडला. पुढे ती नाचाच्या एका स्पर्धेत दिसली आणि लवकरच बाहेर पडली.

"गाणारीला नाचवतात काय मेले!" आजोबा माझ्या लॅपटॉपवर चिडले.

विंडसरलाही ती वर्षं जड गेली. कारखान्यात पाळ्या कमी झाल्या, रस्त्यारस्त्यावर 'फॉर सेल'च्या पाट्या आल्या, मंडळातली चार घरं स्कारबरोला निघून गेली. आजोबांना झटका आला, बायपास झाली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी सीडी लावून दाढी केली. मी मोठी होत होते, माझ्या कानात आता दुसरी गाणी होती.

"आजोबा, नोबडी लिसन्स टू हर एनीमोअर," मी एकदा म्हणाले.

"मग बरंच झालं की. गर्दी कमी. आता माझा आवाज पोचेल."

आणि २०११च्या ऑगस्टमध्ये मंडळाचा अध्यक्ष राजन दाभोळकर एक पिवळं पत्रक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. राजन विंडसरपासून पाऊण तासावरच्या एका गावात टोमॅटोच्या हरितगृहांमध्ये इंजिनिअर होता. त्या गावात दरवर्षी शेतकऱ्यांची जत्रा भरते. गायींची प्रदर्शनं, ॲपल पायच्या स्पर्धा, ट्रॅक्टरच्या शर्यती. पत्रकात खालच्या कोपऱ्यात, कुत्र्यांच्या खेळाच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये छापलं होतं: दुपारी चार, छोटा मंच, नेल पेनरोज, इंग्लंड.

"काका, ही तीच का हो तुमची?"

आजोबांनी पत्रक दोनदा वाचलं. मग हाक मारली, "शीला! पैठणी काढ!"

"जत्रेत? शेणात?"

"वन्स मोअरला जायचंय."

राजन उत्साही माणूस. त्याने मंडळाची वार्षिक पिकनिकच जत्रेत हलवली. शनिवारी सकाळी पाच व्हॅन निघाल्या, पुलाव आणि ताकाचे कूलर घेऊन. मी आजोबा-आजींची गाडी चालवत होते. परवा मला पुढच्या शिक्षणासाठी देशाच्या पश्चिम टोकाला, बर्नाबीला जायचं होतं, बॅगा भरून झाल्या होत्या, पण तो दिवस आजोबांचा होता. वाटेत दोन्ही बाजूंना मका उभा होता आणि ते खिडकी खाली करून बसले होते, लग्नाला निघाल्यासारखे.

"फार ओरडायचं नाही हं," शीलाआजी म्हणाल्या. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"ओरडू नका असं नाही सांगितलं. बर्फ शोव्हल करू नका म्हणाले. ऑगस्टात कुठे आलाय बर्फ?"

छोटा मंच म्हणजे एका ट्रकची पाठ होती. समोर बसायला गवताच्या गासड्या. तिथे आम्ही मराठी तीसेक माणसं, काही थकलेली कुटुंबं, आईस्क्रीम खाणारी मुलं. तळलेल्या पिठाचा आणि गुरांचा वास. चार वाजता नेल आली. आता ती सव्वीसेक वर्षांची असावी. जीन्स, साधा निळा शर्ट, हातात गिटार, सोबत एक सारंगीएवढं काहीतरी वाजवणारा दाढीवाला. आवाज बदलला होता. खाली उतरला होता, थोडा खरखरीत, पावसात भिजून वाळलेल्या लाकडासारखा. आजोबा गासडीच्या कडेला येऊन बसले. पहिल्या दोन गाण्यांना त्यांनी टाळीही वाजवली नाही.

"आवडत नाहीये का?" मी विचारलं.

"श्श. ऐकतोय."

शेवटी तिने 'सॉल्ट ऑन द विंडो' घेतलं. पट्टी चांगली दोन सूर खाली. ती त्या जागेकडे निघाली तसं मी आजोबांकडे पाहिलं. सगळ्यांनाच तो फाटलेला तुकडा ठाऊक होता. स्वर चढायला लागला आणि अर्ध्या वाटेवर तिने तो सोडला. वर गेलीच नाही. तिथेच क्षणभर थांबली, आणि मग एक एक पायरी शोधत खाली आली. घाई न करता. जिन्याचा कठडा धरून अंधारात उतरावं तसं.

मागच्या लोकांनी चार टाळ्या वाजवल्या आणि ते ट्रॅक्टरकडे जायला उठले. आणि आजोबा उभे राहिले.

"वन्स मोअर!"

मंडळाला सांगावं लागलं नाही. राजन उठला, त्याच्यामागे सगळे. तीस गळे. पुलावच्या थाळ्या हातात घेऊन, मुलं खांद्यावर घेऊन. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

नेलचा चेहरा विझला. तिने एक पाऊल मागे घेतलं. मला एका क्षणात कळलं की तिला काय ऐकू येतंय. ज्या जागी तिची फजिती झाली होती त्याच जागी, त्याच गाण्यावर, अनोळखी माणसांचा घोळका ओरडतोय की पुन्हा कर. फाट, फाट, फाट.

ती माइकजवळ आली. शांतपणे म्हणाली की तो स्वर आता मला लागत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, सगळ्यांनाच आहे. एवढं क्रूर व्हायची गरज नाही. आणि तिने गिटारचा पट्टा गळ्यातून काढायला घेतला.

 राजनच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"अरे देवा," शीलाआजी पुटपुटल्या. "तिला वाटलं आपण हसतोय तिला. अहो, काहीतरी बोला!"

आजोबा आधीच निघाले होते. गासड्यांमधून वाट काढत, एक हात वर करून, मी त्यांच्या मागे. "नो! नो!" ते ओरडत होते. "नॉट ओल्ड वन! आय डोन्ट वॉन्ट ओल्ड वन! धिस वन! टुडेज वन!"

ती थांबली. पट्टा अर्धा खांद्यावर.

"व्हॉट डू यू मीन?" तिने माइकशिवाय विचारलं.

आजोबांनी तोंड उघडलं, पण इंग्रजी सरलं होतं. मग त्यांनी डावा हात कानाशी नेला, उजवा पुढे धरला आणि गायला सुरुवात केली. शब्द नाहीत, नुसता आकार. त्या अर्ध्या वाटेवर थांबले, तिच्यासारखेच. मग तिने घेतलेली वाट, एक एक पायरी खाली. आवाज म्हातारा होता, मधे श्वास तुटला, पण एकही पायरी चुकली नाही. उजवा हात स्वराबरोबर उतरत उतरत कमरेपाशी येऊन थांबला.

 दाढीवाल्याने आपलं वाद्य मांडीवर उभं धरलं होतं.

 मग नेल ट्रकच्या कडेला येऊन उकिडवी बसली, आजोबांच्या डोळ्यांच्या पातळीवर.

"डू इट अगेन," ती म्हणाली.

मागून शीलाआजींचा आवाज आला, "अहो, वन्स मोअर तुम्हालाच मिळाला की!" आणि मंडळ हसत सुटलं. कोंडलेला श्वास एकदम सुटावा तसं.

आजोबा हसले नाहीत. ते पुन्हा गायले. दुसऱ्या वेळी ती बरोबर गुणगुणत होती, ओठ बंद करून. मग उठली, पट्टा गळ्यात घातला, दाढीवाल्याला मान हलवली, आणि माइकवर विचारलं की तुम्हाला खरंच हे पुन्हा हवंय?

"वन्स मोअर!" तीस गळे.

आणि तिने ते पुन्हा म्हटलं. सगळं, पहिल्या ओळीपासून. ट्रॅक्टरकडे निघालेले लोक थबकले, काही परत आले. आजोबा ट्रकला हात टेकून उभे होते आणि ती त्या जागेवर आली तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं. यावेळी अर्ध्या वाटेवर ती पहिल्यापेक्षा जास्त थांबली. इतकी, की मला वाटलं आता ती वर जाणार. पण ती खाली वळली, आणि उतरताना वाटेत एक नवीन पायरी तिने अशी घेतली की आजोबांनी "अरे!" म्हणून ट्रकवर थाप मारली. पुलावच्या थाळीतून भात सांडला, कुणाचं लक्ष नव्हतं. शीलाआजी डोळे पुसत म्हणत होत्या, "बया गाते हो. खरंच गाते."

गाणं संपलं तेव्हा आजोबांनी वन्स मोअर मागितला नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले. तिनेही, गिटारसकट, तसेच जोडले. तेवढ्यात मागच्या मैदानात ट्रॅक्टर सुरू झाले, स्पीकरवरून कुणीतरी मंच मोकळा करायला सांगितलं आणि ती वायरी गुंडाळायला वळली. आम्ही कूलर उचलले.

दोन दिवसांनी मी बर्नाबीला गेले. निघताना आजोबांनी कुंपणापाशी नुसता हात हलवला. नोव्हेंबरात बाबांचा फोन आला. आजोबा सकाळीच गेले होते, झोपेतच, त्रास न होता. मी फोन ठेवला आणि खिडकीशी गेले. बाहेर डोंगरावर धुकं होतं.

मी बर्नाबीला गेल्यापासूनच्या कुठल्याही फोनवर ते कधी आले नव्हते, त्यांना फोन आवडत नसे. म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं बोलणं आहे ते जत्रेहून परतताना, गाडीतलं. मक्यावर संध्याकाळ उतरत होती. मागच्या सीटवर शीलाआजी तिसऱ्यांदा सगळी हकिकत स्वतःलाच सांगत होत्या. आजोबांचा आवाज पार गेला होता, नुसती हवा येत होती. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि वाकून म्हणाले,

"पुढच्या सिग्नलला टिम्स आहे, कॉफी घेऊ, गाडी घे आत. ऑर्डर तूच दे गं, माझा घसा बसलाय. आणि हिला डीकॅफ सांग, नाहीतर झोपणार नाही."